स्वरलिपी एक, गळे अनेक

नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांत संगीताची चर्चा करावी, ही गोष्ट अनेकांना विचित्र वाटेल. बंदुकांचे बार आणि स्फोट यांच्या गदारोळात सूर ऐकतो कोण? परंतु या खेळांवर लोभ असणाऱ्यांना विचारले, तर चित्रे पुसट झाल्यावरही चाली आठवतात असेच उत्तर बहुधा मिळते.

आरंभ अगदी साधा होता. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळात संगीत म्हणजे खर्जातले अवघे चार उतरते स्वर. परग्रहवासीयांची फळी विरळ होत जाई तसतशी उरलेल्यांची चाल वाढे आणि त्यांच्याबरोबर हे स्वरही धावू लागत. वास्तविक आकृत्या कमी झाल्या की त्या रेखाटण्याचे यंत्राचे काम हलके होई, म्हणून हा वेग वाढत असे. निशिकादो यांनी तो दोष न मानता तसाच राहू दिला, आणि खेळणाऱ्याच्या छातीतील धडधड त्या चार स्वरांत उतरली.

पंधरा वर्षांनंतर, १० डिसेंबर १९९३ रोजी, अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या लहानशा कंपनीने ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे संगीतकार बॉबी प्रिन्स हे एकेकाळी वकिली केलेले गृहस्थ. पहिल्याच टप्प्याच्या त्यांच्या चालीत खालचा एकच स्वर आघाताने दोनदोनदा वाजतो आणि त्या आघातांच्या मधल्या फटींतून वरचे स्वर पायरी पायरीने उतरत येतात. हेवी मेटल या कर्कश रॉक संगीताचा हा वारसा उघड आहे. पाचव्या टप्प्याचे संगीत मात्र संथ आहे. दाराआड काय असेल या भीतीचे ते संगीत होय. खेळणारा एका दालनात किती वेळ रेंगाळेल हे रचनाकाराला ठाऊक नसते. म्हणून चाल संपते तेथूनच पुन्हा सुरू होते, आणि तरीही तिचा वीट येऊ नये हे कौशल्य त्याला साधावे लागते.

येथवर रचनेचा विचार झाला. खरी मौज तिच्या ध्वनीत आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीचे ध्वनिमुद्रण करायचे, तर त्या काळच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर जेमतेम आठ सेकंदांचे संगीत मावते. ‘डूम’ तर फ्लॉप्यांवरूनच हातोहात पसरला. त्यामुळे त्यात ध्वनिमुद्रित संगीत नव्हतेच. होती ती एक प्रकारची स्वरलिपी. कोणता स्वर, कोणत्या वाद्यावर, किती जोराने आणि किती काळ, एवढीच नोंद. गळा ज्याच्या त्याच्या संगणकाचा.

हा गळा साउंड कार्डावर अवलंबून असे. स्वस्त कार्डावरील यामाहाची चिप एका वेळी नऊ स्वर काढी, आणि प्रत्येक स्वर दोन तरंगांपासून घडवी. एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता झपाट्याने खालीवर केली, की मुळात नसलेले अनेक उपस्वर उत्पन्न होतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना ही युक्ती १९६७ मध्ये सापडली होती. या रीतीने घडवलेली गिटार गिटारसारखी फारशी वाजत नाही. पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी ती गुणगुणते. उलट रोलँड कंपनीच्या ‘साउंड कॅन्व्हास’ या महागड्या उपकरणात खऱ्या वाद्यांचे नमुने साठवलेले असत. तेथे तीच चाल भरदार, वाद्यवृंदासारखी भासे.

मग खरे संगीत कोणते? जाणकारांचा कौल सहसा साउंड कॅन्व्हासकडे झुकतो. तरी ज्यांनी हा खेळ प्रथम साध्या कार्डावर ऐकला, त्यांना भरदार आवाज परका वाटतो, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चिपसाठी प्रत्येक वाद्याचे आकडे खेळातच दिलेले होते. तो पत्र्याचा आवाज अपघाताने आलेला नव्हता.

१९९६ च्या ‘क्वेक’मध्ये हा प्रश्न उरला नाही. त्यातील ‘नाइन इंच नेल्स’चे संगीत ध्वनिमुद्रित स्वरूपात डिस्कवरच होते आणि सर्वत्र सारखे वाजे. ‘डूम’चे मात्र तसे नव्हते. १९९७ च्या डिसेंबरात त्याचा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा ध्वनीचा भाग त्यातून गळालेला होता, कारण तो दुसऱ्याच्या मालकीचा होता. जुनी कार्डेही हळूहळू अडगळीत गेली. स्वरलिपी शाबूत, पण गळा हरवलेला, अशी ती अवस्था. हौशी प्रोग्रामरांनी पुढे त्या चिपचे वर्तन तपासून तिची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्राम लिहिले. ‘चॉकलेट डूम’ या आवृत्तीत हा खेळ आज त्याच नऊ स्वरांनिशी, त्याच पत्र्याच्या गिटारीसह ऐकता येतो.