कुजवण्याची कला

गुप्त पोलीस म्हटले की मध्यरात्रीची दारावरची थाप आठवते. पूर्व जर्मनीच्या 'स्टासी'विषयी वाचू लागलो तेव्हा मीही तीच शोधत होतो. पण जानेवारी १९७६च्या तिच्या नियमावलीत वेगळीच रीत सापडली: 'त्सेरझेत्सुंग'. जर्मन मी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. शब्दकोश 'विघटन' म्हणतो. मला 'कुजवणे' अधिक नेमके वाटते.

१९७५च्या हेलसिंकी करारानंतर राजकीय अटकेचा जगभर बोभाटा होई. त्यापेक्षा निनावी पत्रे धाडायची, खऱ्यात खोटे मिसळून बदनामी करायची, नोकरीत अपयश घडवून आणायचे, मित्रमंडळात संशय पेरायचा. माणूस तुरुंगाबाहेरच राहतो, पण एकटा पडतो. आणि हे कोणी मुद्दाम करते आहे, हे त्याला सिद्धही करता येत नाही.

यासाठी खबरे जवळचेच लागत. १९८९मध्ये सुमारे १ कोटी ६० लाखांच्या देशात स्टासीचे ९१ हजार पगारी कर्मचारी होते आणि खबरे पावणेदोन लाखांच्या आसपास.

जानेवारी १९९२मध्ये दप्तरे लोकांना खुली झाली. त्याच सुमारास विरोधी चळवळीतल्या वेरा वोलेनबर्गर यांना कळले, की त्यांची खबर पुरवणारा 'डोनाल्ड' म्हणजे त्यांचा नवराच.