कुराज्यातील बालवीर

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी वसईच्या आमच्या घरी ओसरीवर बसलो असता, नववीत शिकणारी आमची नात एका इंग्रजी पुस्तकात इतकी गढून गेलेली दिसली की, दिवेलागण झाल्याचेही तिला भान नव्हते. कसले पुस्तक म्हणून विचारले. ती म्हणाली, "एका देशात दरसाल चोवीस मुलांना एकमेकांना मारायला लावतात आणि बाकीच्यांना ते बघायला लावतात, त्याची गोष्ट आहे." आम्ही चपापलो. असले वाङ्मय कोवळ्या वयात हाती पडावे ह्याविषयी निवृत्त शिक्षकाने जे बोलावयाचे ते सर्व आम्ही बोलून घेतले. तिने ते शांतपणे ऐकले व म्हणाली, "आजोबा, आधी वाचा तर."

आमचे इंग्रजी मॅट्रिकच्या बेताचे. तरी शब्दकोश उशाशी घेऊन महिनाभरात ते पुस्तक पुरे केले, आणि मग त्याच जातीची आणखी दोन वाचली. रामराज्याच्या अगदी उलट अशा राज्याचे चित्र ज्यांत रंगविलेले असते, अशा ह्या कथांना तिकडे 'डिस्टोपिया' म्हणतात. आपण कुराज्य म्हणू. हक्स्ले ह्यांनी १९३२ साली व ऑर्वेल ह्यांनी १९४९ साली अशीच कुराज्ये रंगविली होती. पण ती प्रौढांसाठी, आणि तेथे एकटा माणूस अखेरीस चिरडला जातो. अलीकडच्या पुस्तकांत मात्र कुराज्यासमोर उभे राहते ते बारा ते सोळा वर्षांचे पोर. हा फरक लहान नव्हे.

नातीच्या हातातले पुस्तक म्हणजे सुझान कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेचे २००८ सालचे 'द हंगर गेम्स'. देशाचे बारा प्रांत. एके काळी त्यांनी राजधानीविरुद्ध बंड केले, म्हणून प्रत्येकाने दरसाल एक मुलगा व एक मुलगी द्यावयाची. चिठ्ठ्या टाकून नावे काढावयाची. इतपत कल्पना कोणासही सुचेल. आम्हांस थांबविले ते पुढच्या एका बारकाव्याने. घरात उपासमार असेल तर मुलाने आपल्या नावाची एक चिठ्ठी जास्त टाकावी, म्हणजे एका माणसास वर्षभर जेमतेम पुरेल इतके धान्य व तेल सरकार देते! कॅटनिस ह्या नायिकेचा बाप खाणीतील स्फोटात मेलेला; सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या साठल्या आहेत. श्रीमंताच्या पोराचे नावही त्याच भांड्यात असते आणि कायदा म्हणतो, सर्वांना सारखी संधी! अन्यायाचे इतके सोपे गणित आम्हांस मुलांपुढे कधी मांडता आले नव्हते. आणि त्या भांड्यातून नाव निघते ते कॅटनिसचे नव्हे, तिच्या बारा वर्षांच्या बहिणीचे. तिची एकच चिठ्ठी होती. तेव्हा थोरली पुढे होऊन म्हणते, हिच्याऐवजी मी जाते.

कॉलिन्सबाईंनी आपल्या कथेचे मूळ ग्रीकांच्या थीसियसच्या कथेत असल्याचे सांगितले आहे. आम्हांस मात्र आदिपर्वातील एकचक्रा नगरी आठवली. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस, अशी घरटी पाळी. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते त्याच्यावर पाळी येते, तेव्हा तो पत्नीस म्हणतो की, आपण हे स्थान सोडून जाऊ असे मी पूर्वीच म्हणत होतो, तुझे मन माहेर सोडवेना. राजा दुबळा आहे, प्रजेचे रक्षण करीत नाही, हेही तो कुंतीजवळ बोलून दाखवितो. नवरा, बायको, मुलगी तिघेही 'मी जातो, मी जाते' म्हणत असता बोबडे बोलणारा लहानगा गवताची काडी उचलतो व म्हणतो, ह्या काडीने मी राक्षसाला मारीन! त्या शोकातही आईबापांना हसू येते. कीर्तनकार येथून झटकन भीमाच्या भोजनाकडे वळतात, आणि आम्हीही वर्गात तसेच वळत असू. मुलाच्या हातातली ती काडी आम्ही आयुष्यभर विनोद म्हणून शिकविली.

दुसरे पुस्तक लोइस लोरी ह्यांचे 'द गिव्हर', १९९३ सालचे. आकाराने लहान, पण आमच्या मते तिन्हींत श्रेष्ठ. त्या गावात दुःख नाही, भांडण नाही. रंगही दिसत नाहीत. म्हाताऱ्यांना, नियम मोडणाऱ्यांना, अशक्त अर्भकांना 'रिलीज' करतात. संस्कृताच्या सवयीने आम्ही त्या शब्दापुढे 'मुक्ती' असे लिहून ठेवले. मग ते पान आले: बारा वर्षांचा जोनस पाहतो की, आपला प्रेमळ बाप जुळ्यांतील हलक्या वजनाच्या बाळास सुई टोचून मारीत आहे आणि गोड आवाजात त्याच्याशी बोलतो आहे. ती होती 'मुक्ती'. आम्ही आपले टिपण खोडून काढले. चांगल्या शब्दाआड वाईट कृत्य लपविणे ही कुराज्याची पहिली खूण आहे, आणि ती ओळखण्यास व्याकरण पुरत नाही. पुढे दुसऱ्या एका अर्भकाचा तसाच निकाल लागणार असे कळताच जोनस त्याला घेऊन रात्री पळून जातो. हातात शस्त्र नाही. आहे ती बापाची सायकल.

तिसरे, व्हेरोनिका रॉथ ह्यांचे २०११ सालचे 'डायव्हर्जंट', आम्हांस बेताचेच वाटले. प्रेमप्रकरणाचा पाल्हाळ फार. परंतु तेथे समाजाचे गुणांवरून पाच गट आहेत, आणि एकाहून अधिक गुण अंगी असणारे माणूस धोक्याचे ठरते. नात म्हणाली, "आजोबा, हे आपल्या चार वर्णांसारखंच झालं की!" तेथे निदान सोळाव्या वर्षी गट निवडता तरी येतो, असे आम्ही म्हणालो; आणि म्हणून झाल्यावर आपण कोणाची बाजू लंगडी केली हे ध्यानात आले.

आमच्या गावच्या मुलांस शौर्य म्हटले की चिमाजीअप्पांचा १७३९ चा विजय आठवतो. किल्ल्यात सहली नेऊन आम्हीच तो धडा दिला, व तो योग्यच होता. पण शत्रू तटापलीकडे असतो, हेही मुले त्यातून शिकली. मराठी बालवाङ्मयातही बहुधा तेच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आमचा लाडका. तो चोर पकडतो, पण ज्या व्यवस्थेच्या हवाली करतो ती भली असते, हे गृहीतच. १९७४ साली 'कृष्णविवर' ह्या कथेने कथालेखनास आरंभ करणाऱ्या जयंत नारळीकरांनी मराठी मुलांना विज्ञानाची गोडी लावली. त्यांच्या कथांतील संकट बहुधा आभाळातून वा यंत्रातून येते. आईबाप, गुरुजी व सरकार मिळूनच चुकत असतील तर पोराने काय करावे, हे आपण त्याला फारसे सांगितलेले नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, म्हणजे सरकारची आज्ञा मोडून, लिहिली. आम्ही मात्र तिच्यातून मुलांना आज्ञाधारकपणाच तेवढा काढून दिला.

आणि उदाहरणे नव्हती असे नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारच्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. शिरीषकुमारचे सोळावे वर्ष चालू होते. बंदूक मुलींच्या दिशेने वळली तेव्हा 'मला मार' म्हणून तो पुढे झाला, असे सांगतात. त्याआधी १४ ऑगस्टला पालघर येथेही पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले. ह्या कथा आम्ही सनावळीत सांगितल्या. जणू तसे उभे राहण्याचा प्रसंग १९४७ नंतर कोणावर येणारच नव्हता.

तो आमच्याच वर्गात आला होता. चाळीस वर्षे होत आली. वर्गातला पृथ्वीचा गोल फुटला. ज्याने फोडला त्याने उभे राहावे, नाहीतर आठवडाभर कोणीही मैदानावर जाणार नाही, असे आम्ही बजावले. मागच्या बाकावरचा एक धट्टाकट्टा मुलगा उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांवर पाच पाच छड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी एक किडकिडीत मुलगा रडत आला. गोल त्याच्या हातून फुटला होता. आम्ही काय केले असेल? पहिल्या मुलास पुन्हा बोलावून, गुरूजवळ खोटे बोलल्याबद्दल वर्गासमक्ष त्याची कानउघाडणी केली.

हे आम्ही नातीस सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्याचं नाव काय होतं?"

किडकिडीत मुलाचे नाव आम्हांस आठवले. दुसऱ्याचे आठवेना.