गरम मुठी, गार अंगठा: स्नोमोबिलच्या हीटरबद्दलचे समज

गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांनी स्नोमोबिल पाहिलेली असते, पण बहुधा चालकाच्या मागे बसून, एका छोट्या फेरीपुरती. तेवढ्यात बोटं गारठली तरी हॉटेलात परतून शेकता येतात. क्वेबेक, ऑन्टारिओ किंवा मिनेसोटात मात्र लोक या गाडीवर दिवसभर जंगलातून फिरतात, गोठलेल्या तळ्यांवर मासेमारीला जातात. तिथे हँडलच्या मुठींमधला हीटर आणि रेसच्या लिव्हरवरचा अंगठ्याचा हीटर ही चैन उरत नाही. स्नोमोबिलची रेस मोटारसायकलसारखी मूठ पिळून देत नाहीत. उजव्या अंगठ्याने लिव्हर दाबावी लागते. ब्रेक डाव्या हातात. बधिर बोटांना ब्रेक किती दाबला हे कळत नाही, बधिर अंगठ्याला रेस किती सोडली हे कळत नाही. म्हणून हा हीटर बिघडला की तो नीट बदलायला हवा, आणि त्याआड येणारे काही समज आधी दूर करायला हवेत.

‘मुठी गरम होत नाहीत, म्हणजे हीटर जळाला’

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते या समजापायी. हीटर म्हणजे मुठीच्या रबराखाली गुंडाळलेली एक पातळ पट्टी असते. प्लास्टिकच्या दोन पापुद्र्यांमध्ये धातूच्या बारीक रेषा, आणि त्यांतून वीज गेली की उष्णता. ही पट्टी निकामी होते, नाही असं नाही. पण पुष्कळदा तिच्याआधी इतर जागा दगा देतात: हँडल वळताना सतत वाकणारी वायर, बर्फाच्या पाण्याने गंजलेला कनेक्टर, कार्बन धरलेला स्विच.

शोध घेणं अवघड नाही. इंजिन बंद ठेवून मुठीचा कनेक्टर सोडवायचा आणि मल्टीमीटर ओहमवर लावून मुठीकडच्या वायरींमधला रोध मोजायचा. काही ओहम दाखवले तर पट्टी बहुधा शाबूत आहे. अचूक आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. रोध अनंत दाखवला तर सर्किट कुठेतरी तुटलंय, आणि ते पट्टीतच तुटलंय की तिच्या वायरीत हे वायर हलवून पाहिल्यावर पुष्कळदा कळतं. एकच मूठ गार असेल तर त्याच बाजूला पाहावं. दोन्ही एकदम गार पडल्या तर आधी स्विच आणि पुरवठा तपासावा. मात्र काही गाड्यांत दोन्ही मुठी सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. तिथे एक तुटली की दुसरीही जाते. त्यामुळे वायरिंगचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

‘बॅटरी उतरली असेल’

दोरी ओढून सुरू होणाऱ्या कित्येक जुन्या स्नोमोबिलना बॅटरीच नसते. वीज येते ती इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलमधून, आणि अशा अनेक गाड्यांत हीटरला थेट एसी वीज मिळते. मल्टीमीटर डीसीवर ठेवून मोजलं की आकडा शून्याजवळ येतो आणि माणूस चांगल्या गाडीला दोष देतो. तिथे मीटर एसीवरच हवा. इंजिन आयडलला असताना कॉइल कमी वीज देते, म्हणून उभ्या गाडीवर मुठी कोमट लागणं हा बिघाड नव्हे. नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र डीसी पुरवठा सर्रास असतो, तेव्हा आपली गाडी कोणती हे आधी पाहावं.

मोटारसायकलच्या गरम मुठी स्नोमोबिलला चालतील, हा समजही इथेच मोडतो. त्या संचातला कंट्रोलर बॅटरीच्या डीसी विजेसाठी बनवलेला असतो. शिवाय मोटारसायकलची उजवी मूठ रेसच्या नळीवर बसायची, म्हणून तिचं भोक मोठं असतं. स्नोमोबिलच्या हँडलवर ती सैल फिरते.

‘जास्त वॅटचा हीटर म्हणजे जास्त ऊब’

12 व्होल्टवर 6 ओहमची पट्टी 24 वॅट खाते. 4 ओहमची 36. दोन मुठींचे झाले 72 वॅट, आणि त्याच कॉइलला हेडलाइटही पोसायचा आहे. ताकदीबाहेर भार पडला की व्होल्टेज खाली येतं, दिवे मंदावतात, स्विचचे कॉन्टॅक्ट तापतात. माझ्या मते कंपनीने ठरवलेल्या रोधाच्या जवळपास राहणं हेच शहाणपणाचं. ऊब वाढवायची तर वाया जाणारी उष्णता वाचवावी. हँडलची धातूची नळी ती शोषून घेते, म्हणून पट्टीखाली उष्णतारोधक थर द्यावा. वारा अडवणारे हँडलवरचे जाड कापडी मफ तर साध्या मुठींनाही उपयोगी.

वाऱ्याला लोक फार कमी लेखतात. हवा उणे 20 अंश असताना गाडी ताशी 60 किलोमीटरने पळाली की उघड्या त्वचेला सुमारे उणे 36 अंशांचा गारठा जाणवतो, आणि अशा गारठ्यात उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. गरम मूठ तळहात शेकते. वारा लागतो तो हाताच्या पाठीला. म्हणून ‘हीटर आहे, पातळ हातमोजे पुरेत’ हे धोक्याचं. तळव्याकडे पातळ आणि पाठीवर जाड, वारा न शिरणारे हातमोजे हवेत. सर्वत्र जाड हातमोजे घातले तर हीटरची ऊब हातापर्यंत पोचतच नाही.

‘गुंडाळलं, रबर चढवलं, झालं काम’

जुनं रबर कापून काढा, जुना गोंद खरवडा, हँडल स्पिरिटने पुसून कोरडं करा. नवी पट्टी गुंडाळताना कडा एकमेकींवर चढू देऊ नका. दुहेरी थरात उष्णता साठून ती जागा जळते. वायर हाताच्या दाबाखाली येणार नाही अशी, आतल्या टोकाशी काढा. रबर सहज चढावं म्हणून तेल किंवा ग्रीस लावणारे भेटतात. ते आत राहतं आणि ऐन वळणावर मूठ हातात फिरते. मुठींसाठीचा, उष्णता सोसणारा गोंद वापरा, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत हीटर लावू नका.

‘अंगठ्याचा हीटर काय, चिकटवायचा तुकडा’

आकाराने तो खरोखर तुकडाच आहे. पण सबंध गाडीत सर्वांत काळजीने बसवायचा भाग हाच. अंगठा बाकीच्या बोटांसारखा मुठीत दडलेला नसतो. तो एकटा, बाहेर, तासन्‌तास लिव्हर दाबत असतो. त्याचा हीटर लिव्हरवर चिकटलेला आणि वायर लिव्हरसोबत हलणारी. रेस दिली की वायर वाकते, सोडली की सरळ होते. ताणून बसवली तर ती बिजागराजवळ थोड्याच दिवसांत तुटते. जास्त सैल सोडली तर लिव्हरच्या फटीत अडकते, आणि अडकलेली लिव्हर म्हणजे अंगठा काढल्यावरही पळणारी गाडी. लिव्हरला मोकळं फिरता येईल एवढाच झोल ठेवून वायर पुढे प्लास्टिकच्या टायने हँडलला बांधावी. टायचं टोक लिव्हरच्या वाटेत येऊ देऊ नये. हीटरवरचं रबरी आवरण जाड निवडलं तर तेही लिव्हरच्या खोबणीत घासतं, म्हणून मूळ मापाचंच घ्यावं.

मग इंजिन बंद असतानाच लिव्हर पूर्ण दाबून सोडा: हँडल सरळ ठेवून, टोकापर्यंत डावीकडे वळवून, टोकापर्यंत उजवीकडे वळवून. प्रत्येक वेळी ती खट्‌कन मागे आली पाहिजे. एकदाही रेंगाळली तर वायर सोडवून पुन्हा बांधा, आणि तोवर इंजिन सुरू करू नका. पहिल्यांदा सुरू करताना सेफ्टी कॉर्ड (ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी) कपड्यांना अडकवलेली असू द्या, गाडीसमोर कुणाला उभं राहू देऊ नका.