चहातली गुंगी

आमच्या शेजारचा एक गडी दिवाळीला मुंबईहून गावी यायला निघाला. गाडीत एक गृहस्थ भेटला. बोलायला गोड. "दादा, घ्या चहा," म्हणाला. नको कसं म्हणायचं? घेतला. डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी, परक्या गावच्या दवाखान्यात. पैसे गेले, पोरांचे कपडे गेले. तिथं कुणी तरी विचारलं, "किती प्यायला होतास?" त्या प्रश्नानं तो इतका शरमला की फिर्याद न देताच घरी आला.

ही युक्ती जुनी आहे. पूर्वी वाटमारे धोतऱ्याचे बी मुसाफिराच्या जेवणात घालीत. आता झोपेच्या गोळ्यांची पूड चहात, सरबतात घालतात. कायदाही जुनाच. १८६० च्या दंड संहितेत हे कलम ३२८ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम १२३ आहे. इजा किंवा गुन्हा करण्याच्या हेतूने कोणाला गुंगीचे औषध दिले, तर दहा वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. नीट ध्यानात घ्या, औषध देणे हाच गुन्हा. चोरी साधली नाही तरी तो सुटत नाही. आणि बाईला गुंगी देऊन कोणी म्हणेल, "ती नाही कुठं म्हणाली?" तर कायदा ते ऐकत नाही. शुद्ध नसताना दिलेला होकार हा होकारच नव्हे.

तुम्ही म्हणाल, गाडी चालती. गुन्हा कोणत्या हद्दीत झाला, कोण सांगणार? कोणत्याही ठाण्याने फिर्याद लिहून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, असा आता कायदाच आहे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते. लिहून घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा. लिहायला शिकल्याचा असाही उपयोग होतो!

मात्र वेळ दवडू नका. काही औषधे दिवसाभरातच शरीरातून निघून जातात. दवाखान्यात गेल्याबरोबर सांगा, "मला कोणी तरी काही तरी पाजलंय, रक्त-लघवी तपासणीला घ्या." ते नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. उरलेला चहा, पेला, बिस्किटाचा पुडा फेकू नका, धुऊ नका. गाडीतच संशय आला तर १३९ ला फोन लावा, एरवी ११२.

शेजारच्या गड्याला हे मी सांगितलं तेव्हा दोन महिने उलटले होते. पण या गुन्ह्याच्या फिर्यादीला मुदतीची आडकाठी नाही. मी त्याच्याबरोबर ठाण्यात गेलो. रक्तात आता काही सापडणार नव्हते; पण दवाखान्याचा कागद त्याने ट्रंकेत जपून ठेवला होता. तो फिर्यादीला जोडला.