प्रवाळाला उजेड किती वाढावा?

चिंचणीच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत. केळव्यापासून डहाणूपर्यंत थोड्याफार फरकाने हीच गत. भरती-ओहोटीचा जोर मोठा, त्यामुळे खाड्यांचा गाळ सतत ढवळलेला. सातपाटीच्या पापलेटाला हे पाणी मानवतं, प्रवाळाला नाही. प्रवाळ पाहायचे तर मालवणला जायचं, नाहीतर विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. गढूळ पाण्यात ही चूलच पेटत नाही.

म्हणजे बोईसरच्या फ्लॅटमध्ये प्रवाळाची टाकी ठेवायची तर दिव्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहून चालत नाही. हे मला उशिरा कळलं. पहिल्या टाकीवर मी दिवाणखान्यातला पांढरा एलईडी पॅनल बसवला. खोली लख्ख झाली, पण टाकीतले झोआ जातीचे प्रवाळ मात्र उजेडाकडे माना ताणून काटकुळे झाले. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो, आणि खोक्यावर छापलेले ल्युमेन त्याच डोळ्यासाठी बेतलेले असतात. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच विरतो आणि खोलवर उरतो तो मुख्यतः निळा. प्रवाळातल्या शैवालाला त्याचीच सवय. म्हणून दिवा घेताना 420 ते 480 नॅनोमीटरचा निळा भरपूर आहे ना, हे आधी विचारावं. पांढरा हवा तो आपल्याला रंग नीट दिसावेत एवढ्यापुरता.

हा निळा स्वस्तात मिळतो त्याचं श्रेय जपानला. शुजी नाकामुरा यांनी 1993 साली तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आणला आणि 2014 मध्ये आकासाकी व अमानो यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याआधी टाकीवर 250 वॉटचे मेटल हॅलाइड टांगत. ते पाणी असं तापवत की पालघरच्या मे महिन्यात चिलर लावूनही घाम फुटावा. (अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी माझी टाकी पाहून म्हणाले, ‘‘अहो, वापरलेलं इंधन ठेवतात ना, त्या पाण्यालाही असाच निळा उजेड असतो. फक्त तिथे मासे नसतात!’’)

उजेड मोजायचा तो पार मीटरने. दर सेकंदाला एक चौरस मीटरवर किती प्रकाशकण पडतात, हे तो मायक्रोमोलमध्ये सांगतो. भर दुपारच्या कडक उन्हात आकडा 2000 च्या आसपास जातो. झोआ, मशरूम या प्रवाळांना 50 ते 150 पुरतात. लक्स मीटर निळ्या उजेडाला हिशेबात कमी धरतो, तेव्हा त्याच्यावर विसंबू नये. पार मीटर महाग असतो, म्हणून एकाने घ्यावा आणि चौघांनी वापरावा.

तीन फुटी टाकीवर एकच दिवा लावला तर मधे ऊन आणि कोपऱ्यांत सावली, असं होतं. दोन लावा, पाण्यापासून वीस-पंचवीस सेंटीमीटर वर. फार खाली आणले तर मिठाचे शिंतोडे लेन्सवर पापुद्रा धरतात. तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावा. वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. लाइनवर ईएलसीबी हवाच. खारं पाणी आणि वीज यांचं अजिबात जमत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी दिवा पूर्ण सोडणं. उजेड अति झाला की प्रवाळ आपलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तीस टक्क्यांवर सुरुवात करा, दर आठवड्याला पाचाने वाढवा आणि वहीत नोंद ठेवा. प्रवाळ मान ताणू लागला किंवा तपकिरी पडू लागला तर उजेड कमी पडतोय. फिकटला तर लगेच मागे या.

खरेदीआधी कायदा पाहा. 2001 पासून दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून ‘आठवण’ म्हणून आणलेला तुकडासुद्धा गुन्हा ठरतो. दुकानदाराकडे प्राणी कुठून आला याचे कागद मागा; तो टाळाटाळ करू लागला तर बाहेर पडा.

आमच्या टाकीत सूर्य दुपारी एकला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. सकाळी सगळे कामावर असतात, तेव्हा उजेड करून पाहणार कोण? मधे वीज गेली तर मी इन्व्हर्टर दिव्याला देत नाही, हवेच्या पंपाला देतो. दिवसभर अंधार प्रवाळ सोसतो. श्वास मात्र तासभरही अडून चालत नाही.