विरामचिन्हांची वाट (भाग सातवा) : स्वल्पविराम श्वासाचा की वाक्याचा?

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात भिंतीवर लावता येईल असे एक वाक्य घेऊ. ‘मेन स्विच बंद करून यंत्राजवळ उभ्या असलेल्या ऑपरेटरला सांगा.’ यात एकही शब्द अवघड नाही, तरीही स्विच कोणी बंद करायचा, हे वाक्य सांगत नाही. वाचणाऱ्याने स्वतः स्विच बंद करायचा आणि मग ऑपरेटरला कळवायचे, हा एक अर्थ. ऑपरेटरने आधीच स्विच बंद केला आहे, तो यंत्राजवळ उभा आहे आणि त्याला फक्त काहीतरी सांगायचे आहे, हा दुसरा. ‘करून’ हे पूर्वकालवाचक धातुसाधित ‘सांगा’शी जोडायचे की ‘उभ्या असलेल्या’शी, यावर सगळे अवलंबून आहे. ‘बंद करून’नंतर स्वल्पविराम दिला की पहिला अर्थ पक्का होतो. मात्र स्वल्पविराम गाळल्याने दुसरा अर्थ पक्का होत नाही. तो हवा असेल तर वाक्यच मोडून ‘ज्या ऑपरेटरने मेन स्विच बंद केला आहे, त्याला सांगा’ असे लिहावे लागेल. आता शाळेत शिकवला जाणारा नियम इथे लावून पाहा : बोलताना थोडे थांबतो, तिथे स्वल्पविराम द्यावा. वाक्य कोणत्याही अर्थाने मोठ्याने वाचले, तरी ‘करून’पाशी जीभ क्षणभर थांबू शकते. श्वास दोन्ही अर्थांत सारखाच पडतो, म्हणून इथे त्याच्याकडून निवाडा मिळत नाही.

माझे म्हणणे असे, की लिखित मराठी शिकणाऱ्याला स्वल्पविराम श्वासावरून शिकवणे चूक आहे; तो वाक्याच्या रचनेवरून शिकवायला हवा. पालघर जिल्ह्यात या म्हणण्याला विशेष वजन येते. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वारली, कातकरी, कोकणा, मांगेली, वाडवळी, सामवेदी अशा बोली घरात बोलल्या जातात. डहाणू-तलासरीकडे गुजराती आहे, आणि तारापूरच्या कारखान्यांमुळे हिंदी, भोजपुरी, उडिया बोलणारी कुटुंबे बोईसरला स्थिरावली आहेत. या सगळ्यांची मुले शाळेत लिखित मराठी शिकतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली, म्हणजे ज्यांच्या कानावर घरात मराठी पडत नाही अशा मुलांनाही ती लिहावी लागते. थांबायचे कुठे, हे ज्याचा कान मराठीत वाढला त्याला आपोआप कळते, कारण त्याला वाक्य आधीच समजलेले असते. शिकणाऱ्याला वाक्य समजण्यासाठीच चिन्ह हवे असते. त्याला ‘थांबशील तिथे चिन्ह दे’ असे सांगणे म्हणजे ज्या ज्ञानासाठी तो आला आहे, तेच ज्ञान त्याच्याकडे आहे असे धरून चालणे होय. हा नियम फिरून स्वतःपाशीच येतो.

श्वासाऐवजी रचनेवर नियम उभारता येतात का, याचा पुरावा नॉर्वेजियन भाषेत मिळतो. नॉर्वेतले स्वल्पविरामाचे नियम जवळजवळ पूर्णपणे व्याकरणावर बेतलेले आहेत. गौण वाक्य आधी आले, तर ते संपताच स्वल्पविराम. दोन पूर्ण मुख्य वाक्ये ‘आणि’ या अर्थाच्या शब्दाने जोडली, तर त्या शब्दाआधी स्वल्पविराम. यादीतल्या शेवटच्या ‘आणि’आधी मात्र नाही. ‘पण’ या अर्थाच्या शब्दाआधी स्वल्पविराम. आणि इंग्रजीत वाढलेल्यांना बुचकळ्यात टाकणारा एक नियम : नामाची ओळख नेमकी करणारे संबंधी वाक्य मध्ये आले, तर त्याच्या आधी चिन्ह नाही, पण ते संपल्यावर आहे. तेच वाक्य केवळ जादा माहिती देत असेल, तर दोन्ही बाजूंनी. ऑस्लोत नव्याने आलेल्या माणसाला यासाठी कान तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही. क्रियापद कुठे आहे, वाक्ये किती आहेत आणि त्यांतले गौण कोणते, एवढे ओळखता आले की चिन्हाची जागा ठरते. हे ओळखणे सोपे नाही, पण ते शिकवता येते, तपासता येते आणि चुकले तर का चुकले हे सांगता येते. श्वासाच्या नियमात या तीनपैकी एकही गोष्ट नाही.

यावर लगेच आक्षेप येईल की नॉर्वेजियन कुठे आणि मराठी कुठे. आक्षेप निम्मा खरा आहे, आणि त्याच्या खऱ्या निम्म्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. नॉर्वेतल्या मुलांना स्वल्पविरामाचे महत्त्व पटवायला फाशीचे एक वाक्य सांगतात. त्यात ‘नका’ या अर्थाचा शब्द मधोमध असतो आणि तो मागच्या किंवा पुढच्या कुठल्याही क्रियापदाशी जोडता येतो. चिन्ह त्याच्या आधी दिले, तर ‘फाशी द्या, मी येईपर्यंत थांबू नका’; नंतर दिले, तर ‘फाशी देऊ नका, मी येईपर्यंत थांबा’. हिंदीत ‘रोको मत जाने दो’ हे वाक्य याच कामासाठी वापरतात. मराठीत हा घोटाळा जवळजवळ होत नाही, कारण आपले ‘नका’ क्रियापदाच्या मागेच चालते आणि क्रियापदाचे रूपही बदलते : ‘अडवू नका, जाऊ द्या’. चिन्ह काढून टाकले तरी ‘अडवू’ हे रूपच ‘नका’ला धरून ठेवते. हिंदीतून आलेल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण मराठी करून शिकवले, तर त्याला मराठीत नसलेल्या धोक्याची भीती घातली जाते आणि ‘करून’सारखा खरा धोका नजरेआड राहतो. म्हणून नॉर्वेजियनकडून घ्यायची ती पद्धत. नियमांची यादी प्रत्येक भाषेने आपल्या वाक्याकडे पाहूनच करावी.

मराठी वाक्याकडे पाहिले, तर पहिली गोष्ट दिसते ती क्रियापदाची. ते सहसा शेवटी येते, आणि पूर्ण क्रियापद आले की वाक्य मिटले हे कळते. ‘सातपाटीच्या बाजारात पापलेट आले आणि बोंबील संपले’ इथे ‘आणि’आधी स्वल्पविरामाची गरज नाही, ‘आले’ या शब्दानेच कुंपण घातले आहे. नॉर्वेजियन नियम इथे जसाच्या तसा आणला, तर चिन्हांची गर्दी होईल. पण तेच क्रियापद गाळले, की चित्र पालटते : ‘पापलेट सातपाटीहून, बोंबील डहाणूहून आणि सुकी कोळंबी वसईहून आली.’ गाळलेल्या क्रियापदाची जागा स्वल्पविराम घेतो. दुसरी गोष्ट संबंधी वाक्याची. मराठीत ती तीन प्रकारे मांडता येते आणि प्रत्येक प्रकाराला चिन्हांचा आपला हिशेब आहे. ‘रात्रपाळीला येणाऱ्या कामगारांनी गेटपास दाखवावा’ यात एकही चिन्ह नाही. ‘जे कामगार रात्रपाळीला येतात, त्यांनी गेटपास दाखवावा’ यात गौण वाक्य संपते तिथे एक. ‘हे कामगार, जे बहुतेक रात्रपाळीलाच येतात, दुपारी झोपतात’ यात माहिती जादाची असल्यामुळे दोन. नॉर्वेजियन भाषा जो भेद चिन्हाने दाखवते, तो मराठी आधी शब्दांच्या मांडणीने दाखवते आणि चिन्ह त्या मांडणीच्या मागे जाते. शिकणाऱ्याला मांडणी दाखवली, की चिन्ह वेगळे पाठ करावे लागत नाही.

सगळ्यात कठीण प्रसंग ‘तर’ आणि ‘की’ यांचा आहे, कारण तिथे श्वास आणि रचना उघडपणे भांडतात. ‘गाडी विरारला उशिरा पोहोचली तर डहाणूची लोकल चुकेल’ हे वाक्य बोलून पाहा. थांबा ‘तर’च्या नंतर येतो, आधी नाही. म्हणून अनेक जण ‘पोहोचली तर, डहाणूची’ असे लिहितात. पण ‘जेव्हा भोंगा वाजतो, तेव्हा पाळी बदलते’ यात ‘तेव्हा’ निर्विवादपणे दुसऱ्या वाक्याचा आरंभ आहे. ‘जे’ला ‘ते’ उत्तर देते, तसे ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’ आणि ‘जर’ला ‘तर’. त्या न्यायाने चिन्ह ‘तर’च्या आधी पडायला हवे. कान वेगळे सांगतो हे मला मान्य आहे, आणि कानाचा कौल खोटाही नाही. ‘तर’ उच्चारात मागच्या शब्दाला चिकटतोच. तरी मी रचनेच्या बाजूने आहे, कारण तिथे एकच नियम सगळ्या जोड्यांना पुरतो, तर कानाच्या मागे गेले की प्रत्येक शब्दासाठी वेगळा अपवाद शिकवावा लागतो. ‘की’चेही तसेच. आज छापील मजकुरात ‘सांगितले की’, ‘सांगितले, की’ आणि ‘सांगितले की,’ अशी तिन्ही रूपे दिसतात; तिसरे रूप वृत्तपत्रांत फार रूढ आहे आणि ते निखळ श्वासाचे आहे. लहान वाक्यात चिन्ह नको, लांबलचक वाक्यात हवेच असेल तर ‘की’च्या आधी, असे मी म्हणेन.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे : मोडीतली कागदपत्रे शतकानुशतके शब्दही न तोडता लिहिली गेली, पोथ्यांना दंड पुरला, मग परक्या चिन्हाचा एवढा आग्रह कशाला? स्वल्पविराम बाहेरून आला हे खरेच आहे. मराठी विरामचिन्हांची व्यवस्था लावण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता, आणि ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे पुस्तक 1850 चे. पण मोडी पत्राचा वाचक बहुधा दरबारातला जाणता कारकून असे. पत्राचे मायने आणि ठरीव वाक्ये त्याच्या अंगवळणी पडलेली असत. छापील मराठीचा वाचक अनोळखी आहे. 1874 पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’तून जी लांब, गुंफलेली वाक्ये लिहिली, ती चिन्हांवाचून अशा वाचकापर्यंत पोहोचली नसती. आणि सूचनेचा वाचक तर त्याहूनही दूरचा. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 108 ने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची अट घातली, ती ‘समजेल’ या कसोटीसाठीच.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांतून मूल अजून बाहेर पडलेले नसते, त्यात हा नवा भार कशाला? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. त्यांचा भर शब्द कसा लिहावा यावर आहे. विरामचिन्हांचा विषय व्याकरणाच्या पुस्तकांवर सोपवला गेला, आणि शालेय पुस्तकांत स्वल्पविरामाच्या साधारणपणे दोनच जागा दिलेल्या असतात : एकाच जातीचे शब्द लागोपाठ आले तर, आणि संबोधनानंतर. दुसरी जागा मोलाची आहे; ‘भाऊ आला का?’ आणि ‘भाऊ, आला का?’ यांत विचारणा कोणाची आणि कोणाला, हे एका चिन्हावर ठरते. पण वाक्याला वाक्य जोडले जाते, त्या सांध्याबद्दल ही पुस्तके गप्प असतात, आणि ‘करून’चा घोटाळा नेमका सांध्यात आहे. ‘यंत्र’ऐवजी ‘यत्र’ लिहिले, तर वाचणारा ते मनातल्या मनात सुधारून घेतो. स्विच कोणी बंद करायचा, हे त्याला मनातून भरून काढता येत नाही. शिवाय हा भार नवा नाही. वाक्यपृथक्करण अभ्यासात आहेच; मुख्य वाक्य आणि गौण वाक्य मुले ओळखतात, त्यांना नावे देतात आणि गुण मिळवून पुढे जातात. ते ज्ञान स्वतःच्या लेखनात उतरवायची जागा म्हणजे स्वल्पविराम.

1945 साली याच पट्ट्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा मुलाच्या अवतीभवतीच्या वस्तूंतून शिकवणे हे त्याचे सूत्र होते. चिन्हांनाही ते लागू पडते. बोईसरच्या वर्गात ‘जे–ते’, ‘जर–तर’ आणि ‘ऊन’ या तीन सांध्यांपासून सुरुवात करावी, वाक्ये गेटवरच्या फलकाची, स्टेशनावरच्या घोषणेची, मासळीबाजाराची घ्यावीत, आणि प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ होतात का हे मुलांनाच शोधू द्यावे. यादीतला स्वल्पविराम त्यानंतर शिकवला तरी चालेल. तो चुकल्याने फारसे कोणाचे अडत नाही. अर्धविरामाचे प्रश्न मात्र वेगळे आहेत, कारण तिथे दोन्ही बाजूंची वाक्ये स्वतंत्रपणे उभी राहू शकतात. त्यांचा विचार पुढच्या भागात करू.