बनावट ऑनलाइन अभिप्राय ओळखणाऱ्या साधनांची विश्वासार्हता

बनावट ऑनलाइन अभिप्राय ओळखणारी साधने म्हणजे वस्तू, हॉटेल, उपाहारगृहे किंवा सेवा यांच्याविषयी संकेतस्थळांवर लिहिलेल्या ग्राहक-अभिप्रायांपैकी, म्हणजेच रिव्ह्यूंपैकी, कोणते संशयास्पद आहेत याचा अंदाज देणाऱ्या संगणकीय प्रणाली होत. काही प्रणाली विक्री-संकेतस्थळे स्वतःच्या अंतर्गत वापरासाठी चालवतात, तर काही त्रयस्थ संस्थांनी ग्राहकांसाठी उपलब्ध करून दिलेल्या असतात. अशा साधनांची अचूकता संशोधनात अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास नोंदवली गेली आहे. मात्र हा आकडा कोणत्या नमुन्यांवर आणि कशाशी तुलना करून काढला आहे, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. एखादा अभिप्राय खरोखर बनावट होता की नाही, हे बहुतेक वेळा स्वतंत्रपणे पडताळता येत नाही. त्यामुळे या साधनांचा निष्कर्ष हा पुरावा नसून संभाव्यतेचा अंदाज मानला जातो.

## बनावट अभिप्रायांचे प्रकार

प्रत्यक्ष अनुभव नसताना किंवा मोबदल्याच्या बदल्यात, पण तो मोबदला लपवून लिहिलेला अभिप्राय सामान्यतः बनावट समजला जातो. विक्रेत्याने स्वतः, कर्मचाऱ्यांकडून किंवा नातेवाइकांकडून लिहून घेतलेली स्तुती, प्रतिस्पर्ध्याच्या मालाविषयी लिहिलेली खोटी निंदा, पैसे देऊन घाऊक प्रमाणात मिळवलेले अभिप्राय आणि संगणकाने तयार केलेला मजकूर हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत.

यांपैकी ओळखण्यास विशेष कठीण प्रकार म्हणजे परताव्याच्या बोलीवर मिळवलेला अभिप्राय. यात ग्राहक वस्तू खरोखर विकत घेतो, पाच तारे देतो आणि नंतर विक्रेता त्याला वस्तूची किंमत परस्पर परत करतो. खरेदीची नोंद खरी असल्यामुळे संकेतस्थळावर अशा अभिप्रायाला खरेदीची खातरजमा झाल्याची खूणही मिळते. लिहिणारी व्यक्ती खरी, वस्तू खरी आणि खरेदीही खरी असते. खोटे असते ते केवळ मत, आणि मताच्या खरेपणाची नोंद कोठेही नसते.

## कार्यपद्धती

ही साधने मुख्यतः तीन प्रकारच्या खुणांचा आधार घेतात.

मजकूर : शब्दांची निवड, वाक्यांची लांबी, अतिशयोक्ती, तपशिलांचा अभाव, तसेच इतर अभिप्रायांशी असलेले साम्य तपासले जाते.

वर्तन : एखाद्या खात्यावरून किती काळात किती अभिप्राय आले, सर्वांना पाचच तारे दिले आहेत काय, एखाद्या वस्तूला अल्पावधीत अभिप्रायांचा पूर आला काय, अशा बाबी पाहिल्या जातात.

परस्परसंबंध : कोणत्या खात्यांनी कोणकोणत्या वस्तूंवर लिहिले आहे याचे जाळे तयार केले जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक वस्तूंवर तीच ती खाती पुन्हा पुन्हा आढळल्यास ती संगनमताची खूण मानली जाते.

या खुणांवरून संगणकीय प्रणाली प्रत्येक अभिप्रायाला किंवा संपूर्ण वस्तूला गुण अथवा श्रेणी देते. त्यासाठी आधी खरे-खोटे असे शिक्के मारलेल्या नमुन्यांवर प्रणालीला प्रशिक्षण द्यावे लागते. विश्वासार्हतेचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

## संशोधनाचा इतिहास

नितीन जिंदाल व बिंग लिउ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला ॲमेझॉनवरील अभिप्रायांचा अभ्यास या क्षेत्रातील आरंभीच्या महत्त्वाच्या कामांपैकी आहे. त्यात सुमारे ५८ लाख अभिप्राय तपासण्यात आले. बनावट अभिप्रायांची खात्रीलायक यादी उपलब्ध नसल्याने त्यांनी एकमेकांची जवळजवळ नक्कल असलेले अभिप्राय हेच बनावटपणाचे नमुने म्हणून वापरले.

२०११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील माइल ऑट व सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग अवलंबला. शिकागोतील २० हॉटेलांविषयी ट्रिपॲडव्हायझर या संकेतस्थळावरील ४०० अभिप्राय त्यांनी खरे म्हणून निवडले आणि त्याच हॉटेलांविषयी ४०० खोटे अभिप्राय मोबदला देऊन लोकांकडून लिहून घेतले. त्यांच्या प्रणालीने जवळपास ९० टक्के अभिप्राय योग्य गटात टाकले. हेच काम ज्या तीन मानवी परीक्षकांना दिले, त्यांची अचूकता सुमारे ५३ ते ६२ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. दोन्ही गट समसमान असल्याने केवळ नाणेफेक करूनही ५० टक्के अचूकता मिळाली असती. नुसत्या वाचनाने बनावट अभिप्राय ओळखता येतो, या सर्वसाधारण समजाला या अभ्यासाने धक्का दिला.

२०१३ मध्ये अर्जुन मुखर्जी व सहकाऱ्यांनी शब्दांवर आधारलेली हीच पद्धत येल्प या संकेतस्थळाच्या गाळणीने बाजूला काढलेल्या अभिप्रायांवर वापरली. तेथे तिची अचूकता ६७.८ टक्क्यांपर्यंत खाली आली. लेखकांच्या वर्तनाच्या खुणा वापरल्यावर मात्र निकाल बरेच सुधारले. प्रयोगासाठी लिहून घेतलेला खोटा मजकूर आणि बाजारातील खोटा मजकूर एकसारखा नसतो, हे यातून स्पष्ट झाले. प्रयोगातील लेखक नवखा असतो, तर बाजारातील लेखक सरावलेला असून त्याला आपल्या विषयाची माहितीही असते.

## अचूकता मोजण्यातील अडचणी

### सत्याचा अभाव

रोगनिदानाच्या चाचणीची अचूकता ठरवताना रुग्णाला तो रोग होता की नाही हे पुढे दुसऱ्या खात्रीशीर मार्गाने तपासता येते. अभिप्रायाबाबत अशी दुसरी तपासणी सहसा नसते. म्हणून संशोधक पर्यायी खुणांवर विसंबतात : नक्कल केलेला मजकूर, मुद्दाम लिहून घेतलेला मजकूर किंवा एखाद्या संकेतस्थळाने काढून टाकलेला मजकूर. तिसऱ्या पर्यायात प्रणाली बनावटपणा ओळखायला शिकत नाही, तर त्या संकेतस्थळाच्या गाळणीची नक्कल करायला शिकते. गाळणीच्या चुकाही मग तिच्या दृष्टीने योग्य उत्तरे ठरतात.

मायकल लुका व जॉर्जिओस झर्वास यांच्या २०१६ मधील अभ्यासात, बॉस्टनमधील उपाहारगृहांविषयीचे येल्पवरील सुमारे १६ टक्के अभिप्राय गाळले गेल्याचे आढळले. हा आकडा गाळलेल्या अभिप्रायांचा आहे. त्यालाच बनावट अभिप्रायांचे प्रमाण म्हणता येत नाही, कारण गाळलेल्यांत काही खरे आणि न गाळलेल्यांत काही बनावट असू शकतात.

### प्रमाणाचा परिणाम

बनावट अभिप्राय एकूण अभिप्रायांच्या तुलनेत थोडे असतील, तर चांगल्या साधनाचे इशारेही मोठ्या संख्येने चुकतात. हे पुढील काल्पनिक गणितावरून समजते. एका वस्तूवर १,००० अभिप्राय असून त्यांपैकी १०० बनावट आहेत, आणि साधन दोन्ही प्रकारांत ९० टक्के अचूक आहे, असे समजू. ते १०० बनावट अभिप्रायांपैकी ९० पकडेल. पण ९०० खऱ्या अभिप्रायांपैकी १० टक्के, म्हणजे आणखी ९०, तेही बनावट ठरवेल. एकूण १८० इशाऱ्यांपैकी निम्मे चुकीचे असतील. बनावट अभिप्राय १,००० पैकी केवळ २० असतील, तर इशारे ११६ येतील आणि त्यांपैकी १८ च बरोबर ठरतील. साधन तेच, अचूकता तीच, तरीही इशाऱ्याचे मोल बदलते. म्हणून बनावट अभिप्रायांचे मूळ प्रमाण माहीत असल्याशिवाय ‘९० टक्के अचूक’ या दाव्यावरून एखाद्या विशिष्ट अभिप्रायाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

### बदलते डावपेच

साधन कोणत्या खुणा पाहते हे कळले की बनावट अभिप्राय पुरवणारे त्या खुणा टाळू लागतात. अभिप्राय एकदम न देता विखुरले जातात, पाचऐवजी काही ठिकाणी चार तारे दिले जातात, किरकोळ दोषांचा उल्लेख केला जातो. त्यामुळे जुन्या नमुन्यांवर मोजलेली अचूकता नव्या काळात टिकत नाही. दुसरीकडे, कार्यपद्धती गुप्त ठेवल्यास बाहेरच्या संशोधकांना तिची पडताळणी करता येत नाही.

## थेट पुराव्यावर आधारित अभ्यास

शेरी ही, ब्रेट हॉलेनबेक व दाविदे प्रोझर्पिओ यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सत्याच्या अभावावर काही अंशी मात केली. फेसबुकवरील ज्या खासगी गटांत अभिप्रायांची खरेदी-विक्री चालते, त्यांची पाहणी करून अभिप्राय विकत घेणाऱ्या वस्तूंची यादी त्यांनी मिळवली आणि ॲमेझॉनवरील त्या वस्तूंचा मागोवा घेतला. विकतच्या अभिप्रायांमुळे सरासरी मानांकन अल्पकाळ वाढते आणि खरेदी थांबल्यावर एक तारा देणाऱ्या अभिप्रायांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे हा मार्ग मुख्यतः निकृष्ट मालासाठी वापरला जात होता व त्याची किंमत ग्राहक मोजत होता. याच विदेवर झालेल्या पुढील संशोधनात, मजकुरापेक्षा अभिप्रायलेखकांच्या परस्परसंबंधांचे जाळे अभिप्राय विकत घेणाऱ्या वस्तू ओळखण्यास अधिक उपयुक्त ठरले.

एकेका अभिप्रायावर शिक्का न मारताही गैरप्रकारांचा माग काढता येतो. दीना मेझलिन, यानिव डोव्हर व ज्युडिथ शेव्हालिए यांनी २०१४ मध्ये ट्रिपॲडव्हायझर आणि एक्सपीडिया यांची तुलना केली. एक्सपीडियावर तेथून आरक्षण केलेल्यालाच अभिप्राय देता येत असे, तर ट्रिपॲडव्हायझरवर कोणालाही. खोटे लिहिण्यात ज्यांचा लाभ अधिक, अशा हॉटेलांच्या शेजारील हॉटेलांना ट्रिपॲडव्हायझरवर तुलनेने अधिक प्रतिकूल अभिप्राय मिळाल्याचे दिसले. मात्र त्यांपैकी नेमका कोणता अभिप्राय खोटा, हे अशा अभ्यासातून सांगता येत नाही.

## सार्वजनिक साधने

फेकस्पॉट हे या प्रकारातील सर्वांत परिचित साधनांपैकी एक होते. २०१६ मध्ये सुरू झालेले हे साधन एखाद्या वस्तूच्या अभिप्रायांना इंग्रजी अक्षरांतील श्रेणी देत असे. ही श्रेणी अभिप्रायांच्या विश्वासार्हतेची होती, वस्तूच्या दर्जाची नव्हे. त्यामुळे उत्तम वस्तूलाही खालची श्रेणी मिळू शकत असे. २०२१ मध्ये ॲमेझॉनच्या तक्रारीनंतर ॲपलने फेकस्पॉटचे ॲप आपल्या दालनातून काढले. २०२३ मध्ये मोझिलाने ही कंपनी विकत घेतली व फायरफॉक्स न्याहाळकात तशी सोय जोडली. २०२५ च्या मध्यास ही सेवा बंद करण्यात आली. रिव्ह्यूमेटा हे दुसरे साधन ॲमेझॉनवरील संशयास्पद अभिप्राय वजा करून सुधारित सरासरी मानांकन दाखवत असे.

त्रयस्थ साधनांची एक अंगभूत मर्यादा आहे. संकेतस्थळावर जे सर्वांना दिसते तेवढेच त्यांना तपासता येते. खात्याचा जोडणी-पत्ता, उपकरण, पैसे भरण्याची पद्धत यांसारखी माहिती केवळ विक्री-संकेतस्थळाकडे असते. उलट, ज्याच्याकडे ही माहिती आहे त्या संकेतस्थळाचे उत्पन्न विक्रीवरच अवलंबून असते. त्यामुळे अधिक माहिती असलेला पक्ष निःपक्ष नसतो आणि निःपक्ष पक्षाकडे पुरेशी माहिती नसते.

## भाषानिर्मितीच्या प्रणाली

मजकूर तयार करणाऱ्या संगणकीय प्रणाली सुलभ झाल्यापासून शब्दांवर आधारित ओळख अधिक अवघड झाली आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखता आला तरी तो बनावट ठरत नाही. खरा ग्राहकही आपला अनुभव यंत्राकडून नीट मांडून घेऊ शकतो आणि माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेला अभिप्रायही विकतचा असू शकतो.

यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सात साधनांची स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये चाचणी घेतली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी चुकीने यंत्रलिखित ठरवले. मर्यादित शब्दसंग्रह व साधी वाक्यरचना यांनाच साधन यंत्राची खूण समजत होते. हा अभ्यास निबंधांचा असला, तरी दुसऱ्या भाषेत अभिप्राय लिहिणाऱ्यांनाही असाच धोका संभवतो.

## भारतीय भाषांची स्थिती

या क्षेत्रातील बहुतेक प्रसिद्ध नमुनासंच इंग्रजीत आहेत. मराठीत पुण्यातील एल३क्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे १६,००० ट्विटांचा भावनाविश्लेषणाचा संच प्रसिद्ध केला. परंतु मजकूर अनुकूल आहे की प्रतिकूल हे ओळखणे आणि तो प्रामाणिक आहे की नाही हे ओळखणे ही दोन भिन्न कामे आहेत. शिवाय मराठी ग्राहक अनेकदा रोमन लिपीत, किंवा मराठी, हिंदी व इंग्रजी शब्द मिसळून लिहितात. एकाच शब्दाची अनेक लेखनरूपे आणि विभक्तिप्रत्ययांमुळे बदलणारी शब्दरूपे यांमुळे शब्दगणनेवर आधारित पद्धतींचे काम अधिक कठीण होते. ‘मस्त आहे’ किंवा ‘पैसे वसूल’ यांसारखे त्रोटक अभिप्राय खरे ग्राहकही लिहितात आणि विकतचे लेखकही. तेथे मजकुरात तपासण्यासारखे फारसे काही उरत नाही.

## चुकांचे परिणाम

या साधनांच्या चुका दोन प्रकारच्या असतात व त्यांचा भार वेगवेगळ्या लोकांवर पडतो. बनावट अभिप्राय सुटला तर ग्राहक फसतो आणि प्रामाणिक विक्रेता मागे पडतो. खरा अभिप्राय बनावट ठरला तर लिहिणाऱ्याचे म्हणणे दडपले जाते. त्याने सदोष वस्तूविषयी दिलेला इशारा असा काढला गेल्यास त्याची हानी पुढच्या ग्राहकांनाही होते. ज्याच्याकडे मोजकेच अभिप्राय आहेत अशा नव्या किंवा लहान विक्रेत्याला एका चुकीच्या शिक्क्याचा फटका मोठ्या विक्रेत्यापेक्षा अधिक बसतो.

## कायदे व मानके

भारतीय मानक ब्युरोचे ‘आयएस १९००० : २०२२’ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. ऑनलाइन अभिप्राय गोळा करणे, त्यांचे नियमन व प्रसिद्धी यांविषयीची तत्त्वे त्यात दिली असून, त्याचा स्वीकार सुरुवातीला ऐच्छिक ठेवण्यात आला. युरोपीय संघात मे २०२२ पासून, अभिप्राय खऱ्या ग्राहकांचे आहेत याची खात्री केली जाते काय व कशी, हे व्यापाऱ्यांनी सांगणे बंधनकारक झाले. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीस मनाई करणारा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून, तर ब्रिटनमधील तशी तरतूद ६ एप्रिल २०२५ पासून अमलात आली.

या तरतुदींचा रोख मुख्यतः व्यवहारावर आहे : पैसे कोणी दिले, अभिप्राय कोणी लिहून घेतले, संकेतस्थळाने कोणती काळजी घेतली. या गोष्टी पावत्या, संदेश व खात्यांच्या नोंदी यांवरून सिद्ध करता येतात. कोणत्या ठिकाणी चौकशी करावी हे दाखवण्यासाठी ओळख-साधने उपयोगी पडतात. त्या चौकशीची जागा मात्र त्यांनी दिलेले गुण किंवा श्रेणी घेऊ शकत नाहीत.